रात्रीचा रंग रक्ताचा

मनिलातले दिग्दर्शक गेरार्दो दे लेऑन १९६४ साली एक रक्तपिपासूचा चित्रपट काढत होते आणि त्यांच्याकडे रंगीत फिल्म पुरेशी नव्हती. ही रिळं परदेशातून यायची आणि महाग पडायची. अख्खा चित्रपट रंगीत काढणं परवडणारं नव्हतं. मग त्यांनी काही प्रसंग रंगीत घेतले, उरलेले कृष्णधवल घेतले, आणि त्या कृष्णधवल भागांवर एकेका रंगाची छटा चढवली. रात्र निळी झाली. रक्तपिपासू जवळपास असला की सगळा पडदा लाल होऊ लागला. बघणाऱ्याला दोन-तीन प्रसंगांत ही खूण कळते, आणि पुढे नुसता पडदा तांबूस व्हायला लागला तरी पोटात गोळा येतो. चित्रपटाचं नाव 'कुलाय दुगो आंग गाबी', म्हणजे 'रात्रीचा रंग रक्ताचा'. अमेरिकेत तो 'द ब्लड ड्रिंकर्स' या नावाने लागला.

त्यातला रक्तपिपासू डॉक्टर मार्को हा रोनाल्ड रेमी या नटाने उभा केला आहे. डोक्याचा तुळतुळीत गोटा आणि डोळ्यांवर काळा चष्मा. त्याची प्रेयसी मरणपंथाला लागली आहे आणि तिला वाचवायचं तर तिच्या जुळ्या बहिणीचं काळीज हवं आहे. दोन्ही बहिणींचं काम अमालिया फुएन्तेस करते. जुळ्या बहिणी, लहानपणी दुरावलेली लेक, गावचा पाद्री, धावून येणारा नायक: हिंदी चित्रपटांवर वाढलेल्या माणसाला ही मंडळी ओळखीची वाटतील. वटवाघूळ रबराचं आहे हेही उघड दिसतं. पण मार्को आपल्या निपचित पडलेल्या प्रेयसीकडे बघतो तेव्हा त्या वटवाघळाचा विचार मनात येत नाही. त्याचं दुःख खरं वाटतं आणि त्या दुःखापायी तो काय काय करील याची भीतीही खरी वाटते.

फिलिपीन्सच्या या स्वस्तातल्या राक्षसपटांविषयी बाहेरचे लोक बोलतात ते बहुधा हसत हसत. रबरी मुखवटे, ओठांशी न जुळणारे इंग्रजी संवाद, एकच जंगल पुन्हा पुन्हा. हे सगळं त्यांत आहेच. पण हसण्यासाठी म्हणून हे चित्रपट बघणाऱ्याच्या हाती त्यांतलं थोडकंच लागतं असं माझं मत आहे. गेली काही वर्षं मिळतील तशा बऱ्यावाईट प्रतींमधून मी ते बघत आलो आहे, आणि मला त्यांच्या गोडीचं मूळ वेगळ्या ठिकाणी दिसतं. या देशाची भुतंच अशी आहेत की त्यांना पैसा फारसा लागत नाही. ती दिवसभर माणसांसारखी वागतात.

अस्वांग हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. हे एकाच भुताचं नाव नाही, एक अख्खं कूळ त्यात येतं: रक्त पिणारे, प्रेतं खाणारे, कुत्र्याचं किंवा डुकराचं रूप घेणारे. अस्वांग गावातच राहतो. बाजारात भेटतो, लग्नाला येतो, बाळंतिणीची चौकशी करतो. त्याच कुळातली मनानांग्गाल ही बहुतेक वेळा देखणी बाई असते. रात्री तिचं शरीर कमरेतून सुटं होतं, पाय जागच्या जागी उभे राहतात आणि वरचं धड वटवाघळाचे पंख पसरून, आतडी लोंबकळत उडून जातं. गर्भार बाईच्या घराच्या छपरावर ते बसतं आणि दोऱ्यासारखी लांब जीभ फटीतून खाली सोडतं. उपाय सोपा: मागे राहिलेला खालचा अर्धा भाग शोधायचा आणि त्यावर मीठ, राख किंवा लसूण टाकायचा, म्हणजे पहाटे तिला परत जुळता येत नाही. ती येताना 'टिक-टिक' असा आवाज होतो. आवाज मोठा असेल तर ती लांब आहे. बारीक झाला तर छपरावर आली.

चित्रपटवाल्याच्या नजरेतून हे पुन्हा वाचा. दिवसाचे सगळे प्रसंग साध्या घरात, साध्या माणसांत घेता येतात. भुताच्या येण्याला चित्र लागत नाही, आवाज पुरतो, आणि तोही कमी कमी होत जाणारा. हत्यारं स्वयंपाकघरात आहेत. किल्ला नको, तळघर नको, परदेशी सरदाराचा पोशाख नको. गरीब निर्मात्यासाठीच कुणीतरी ही भुतं घडवून ठेवली असावीत असं वाटतं.

ती अर्थात फार जुनी आहेत. हुआन दे प्लासेन्सिया या स्पॅनिश पाद्र्याने १५८९ मध्ये तगालोग लोकांच्या चालीरीतींची जी नोंद केली, तिच्यात सैतानाचे पुजारी म्हणून एक यादी आहे. तिच्यात रात्री धड सोडून हिंडणारा 'मागतातांगाल' आहे आणि उडणारा, माणसं मारून खाणारा 'ओसुआंग'ही आहे. हे ओसुआंग विसाया बेटांवर असतात, तगालोग लोकांत नसतात, असंही तो लिहितो. मनिलाकडच्यांनी अस्वांग नेहमी दक्षिणेकडच्या बेटांवर ढकलायचा, ही सवय तेव्हापासूनची. आजही पानाय बेटावरचा कापिस प्रांत अस्वांगांचा म्हणून बदनाम आहे. ज्यांना त्या यादीत सैतानाचे पुजारी म्हटलं त्यांत जुन्या धर्मातले उपचार करणारे, मंत्र जाणणारेही होते, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या, ही गोष्टही पुढे चित्रपट बघताना विसरू नये.

पुढे विसाव्या शतकातही या भुताला कामाला जुंपलं गेलं. १९५० च्या सुमाराला सरकार हुक नावाच्या शेतकरी बंडखोरांशी लढत होतं, तेव्हा एडवर्ड लॅन्सडेल हा अमेरिकी अधिकारी सल्लागार होता. त्याने आपल्या आठवणींत स्वतः सांगितलं आहे: आधी डोंगरावर अस्वांग असल्याची अफवा पेरली, मग एका बंडखोराला पकडून त्याच्या मानेला दोन भोकं पाडली, उलटं टांगून रक्त काढलं आणि प्रेत वाटेवर ठेवलं. बाकीचे तो डोंगर सोडून गेले. ज्या देशात भूत असं खरोखरच्या प्रेतावर वापरलं गेलं, तिथल्या भयपटाला 'पोरखेळ' म्हणताना मला अवघड जातं.

पडद्यावरची सुरुवात लवकर झाली. फिलिपिनो चित्रपटाचे जनक मानले जाणारे होसे नेपोमुसेनो यांनी १९२७ मध्येच 'आंग मनानांग्गाल' काढला, आणि १९३२ मध्ये 'आंग अस्वांग' हा तिथल्या अगदी पहिल्या बोलपटांपैकी एक आला. दोन्ही आज बघायला मिळत नाहीत. युद्धात, विशेषतः १९४५ मध्ये मनिला बेचिराख झाली तेव्हा, जुने चित्रपट जळून गेले. युद्धापूर्वीचे जे उरले ते एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

युद्धानंतरचा एक मोठा ओघ अमेरिकी प्रेक्षकांकडे वळला, आणि जगाला 'फिलिपिनो राक्षसपट' म्हणून माहीत आहे तो हाच. त्याची सुरुवात १९५९ च्या 'टेरर इज अ मॅन'पासून होते. दिग्दर्शक दे लेऑन, निर्मात्यांत एडी रोमेरो आणि अमेरिकेचा केन लिन. कथा एच. जी. वेल्सच्या 'डॉक्टर मोरो'च्या बेटावरून उचललेली: एक डॉक्टर बेटावर बसून एका बिबट्याला शस्त्रक्रिया करकरून माणूस बनवतो आहे. बेटाचं नाव इस्ला दे सांग्रे, रक्ताचं बेट. प्रेक्षक ओढण्यासाठी एक युक्ती होती. सुरुवातीलाच सूचना येते की भयंकर प्रसंगाआधी घंटा वाजेल, नाजूक मनाच्यांनी डोळे मिटावेत, दुसरी घंटा झाली की उघडावेत. घंटा वाजते, कातडीवरून शस्त्र फिरतं आणि क्षणात प्रसंग संपतोही.

घंटेमुळे चित्रपट लक्षात राहिला, पण त्यातलं मोल राक्षसाशी होणाऱ्या वागणुकीत आहे. पट्ट्यांत गुंडाळलेला तो अर्धा प्राणी, अर्धा माणूस दुखण्याने कण्हतो, बांधलेला असतो. चित्रपट त्याच्या बाजूने आहे. शेवटी जखमी होऊन तो किनाऱ्यावर येतो तेव्हा बेटावरचा एक लहान मुलगा त्याला होडीत चढवून समुद्रात ढकलून देतो. मुलाला भीती वाटत नाही. मोठ्या खर्चाच्या कितीतरी राक्षसपटांत मला एवढी माया सापडलेली नाही. दे लेऑन शिक्षणाने डॉक्टर होते. पुढच्या तीन वर्षांत, १९६१ आणि १९६२ मध्ये, त्यांनी राष्ट्रपुरुष मानल्या जाणाऱ्या होसे रिझालच्या दोन्ही थोर कादंबऱ्यांवर चित्रपट काढले. ज्या माणसाने रक्ताचं बेट काढलं त्यानेच राष्ट्राचा ग्रंथ पडद्यावर आणला आणि हाताची ताकद दोन्हीकडे तीच होती.

अमेरिकी पैसा इथे का आला याला साधी कारणं होती. १८९८ पासून १९४६ पर्यंत हा देश अमेरिकेच्या ताब्यात होता, त्यामुळे इंग्रजी सर्वत्र चालायची. एलव्हीएन, साम्पागिता अशा स्टुडिओंमधून तयार झालेले कॅमेरामन, रंगभूषाकार, सुतार होते. १९६० नंतर पेसोची किंमत उतरली, डॉलरला दोन पेसो मिळायचे ते जवळजवळ चार मिळू लागले. जंगल, समुद्र आणि झोपड्या आयत्या होत्या. रोमेरो आणि लिन यांच्या हेमिस्फिअर पिक्चर्सने मग रक्ताच्या बेटाची मालिकाच काढली: 'ब्राइड्स ऑफ ब्लड' (१९६८), 'मॅड डॉक्टर ऑफ ब्लड आयलंड' (१९६९), 'बीस्ट ऑफ ब्लड' (१९७०). नायक जॉन अ‍ॅश्ली हा अमेरिकेतला तरुणांच्या चित्रपटांमधला नट होता. तो इथे आला आणि वर्षानुवर्षं इथे चित्रपट करत राहिला.

'ब्राइड्स ऑफ ब्लड'मध्ये अणुस्फोटाच्या चाचण्यांनी बेटावरची झाडंझुडपं पिसाळली आहेत आणि राक्षसाला दर वेळी तरुण मुली द्याव्या लागतात. प्रशांत महासागरात अमेरिकेने खरोखरच चाचण्या केल्या होत्या, त्यामुळे ही भीती आकाशातून पडलेली नव्हती. चित्रपटगृहात आलेल्या बायकांना प्लॅस्टिकच्या अंगठ्या वाटल्या गेल्या. 'मॅड डॉक्टर'मध्ये हरितद्रव्याच्या प्रयोगांनी माणसाचं रक्त हिरवं होतं, म्हणून प्रेक्षकांना हिरव्या पाण्याची पुडी देऊन 'हिरव्या रक्ताची शपथ' घ्यायला लावलं. याच चित्रपटात राक्षस दिसला की कॅमेरा झूम करून आत जातो, बाहेर येतो, पुन्हा आत, असा धपापत राहतो. पुष्कळांना त्याने मळमळतं. मला ती युक्ती आवडते. त्या धडधडीत मुखवटा नीट दिसत नाही, म्हणजे त्याचा उणेपणा झाकला जातो, आणि पळणाऱ्याच्या छातीतली धडधड पडद्यावर येते. 'बीस्ट ऑफ ब्लड'मध्ये तर राक्षसाचं तोडलेलं मुंडकं प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेलं आहे आणि डॉक्टर त्याच्याशी बोलत बसतो. हा डॉक्टर एडी गार्सिया या मोठ्या नटाने केला आहे, आणि समोर प्लॅस्टरचं डोकं असताना त्याने जो गंभीरपणा राखला आहे तो बघण्यासारखा आहे.

पुढे 'बीस्ट ऑफ द यलो नाइट'मध्ये (१९७१) विक दियाझ या जाडजूड नटाने शांतपणे खातपीत बसलेला सैतान केला, आणि 'द ट्वायलाइट पीपल'मध्ये (१९७२) पॅम ग्रिअरने बिबट्याची बाई केली. ही पुन्हा मोरोचीच कथा. त्यानंतर या ओघातलं पाणी आटत गेलं.

या चित्रपटांवर माझा एक राग आहे. बेटावरच्या माणसांना त्यांत नाव नसतं. ती येतात ती नाचायला, घाबरायला आणि मरायला. बोलतात, ठरवतात, प्रेम करतात ते बाहेरून आलेले गोरे. बायकांच्या अंगावरचे कपडे फाटण्याला कथेचं कारण लागत नाही. स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच दिग्दर्शकाच्या हातून स्थानिक माणूस मागे ढकलला गेला, कारण तिकीट अमेरिकेत विकायचं होतं. एडी रोमेरो यांना स्वतःलाही या कामाचं कौतुक नव्हतं. १९७६ मध्ये त्यांनी 'गानितो कामी नून, पानो कायो न्गायोन?' हा स्पॅनिश वसाहतकाळाच्या अखेरीचा चित्रपट काढला. तो त्यांचा मानाचा. पुढे २००३ मध्ये ते राष्ट्रीय कलावंत झाले. दे लेऑन यांना तो मान १९८२ मध्ये, मृत्यूनंतर मिळाला. तरीही मी रोमेरोंच्या मताशी पुरता सहमत नाही. 'टेरर इज अ मॅन' तरी वाचवण्यासारखा आहेच.

घरच्या प्रेक्षकांसाठी काढलेले भयपट मात्र वेगळ्याच जातीचे आहेत, आणि ज्याला या विषयाची गोडी लावून घ्यायची आहे त्याने तिथेच जास्त वेळ घालवावा. त्यांत बेट नाही, घर आहे. बाहेरचा पाहुणा नाही, आजी आहे, मोलकरीण आहे, बाळ आहे.

१९८४ चा 'शेक, रॅटल अँड रोल' हा तीन गोष्टींचा चित्रपट. नाव गाण्यासारखं, पण आत तीन दिग्दर्शकांची तीन भुतं. त्याच वर्षी आपल्याकडे रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' आला होता. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी जाऊन थोडक्या माणसांत चित्रपट उरकणाऱ्या रामसेंशी या मंडळींचं नातं सहज जुळतं, पण एक फरक आहे. रामसेंना हवेली लागायची. इथे इशमाएल बेर्नालने एक फ्रिज घेतला.

बेर्नाल म्हणजे 'हिमाला' (१९८२) काढणारा, देशातल्या सर्वांत मोठ्या दिग्दर्शकांपैकी एक. त्याच्या भागाचं नाव 'प्रिद्यिदेर'. फ्रिजला तिथे रोजच्या बोलण्यात हाच शब्द. एक कुटुंब नव्या घरात राहायला येतं, आधीच्या माणसांचा जुना फ्रिज तिथे आहे, आणि तो फ्रिज भुकेला आहे. उकाड्याच्या देशात रात्री तहान लागलेला माणूस अंधारात स्वयंपाकघरात जातो, दार उघडतो, आतला पिवळा दिवा तोंडावर पडतो. एवढंच चित्र, आणि ते घरोघरी रोज घडतं. बेर्नालने त्यात वासना मिसळली आहे. तो फ्रिज तरुण मुलींकडे ज्या तऱ्हेने ओढला जातो ते बघताना अंगावर काटा येतो, कारण ते वागणं आपण माणसांत पाहिलेलं असतं. खर्च म्हणाल तर एक जुना फ्रिज.

तिसरा भाग पेके गाल्यागाचा, 'मनानांग्गाल'. गाल्यागा नेग्रोस बेटाकडचा, म्हणजे अस्वांगच्याच मुलुखातला. पवित्र आठवडा चालू आहे. ख्रिस्त मेलेला असतो त्या दिवसांत भुतांना मोकळं रान असतं असा तिकडे समज आहे. हर्बर्ट बाउतिस्ताने केलेला शाळकरी पोरगा गावातल्या एका सुंदर बाईमागे वेडावला आहे, आणि तिचंच शरीर कमरेतून सुटं होताना तो बघतो. पुढची रात्र आजी, लहान भावंडं आणि तो असे घरात कोंडून घेऊन काढतात. पंखांचा आवाज, छपरावर काहीतरी सरकणं, फळ्यांमधल्या फटी. भूत दिसतं थोडं आणि ऐकू येतं फार. बाउतिस्ताला या कामासाठी मेट्रो मनिला महोत्सवात सर्वोत्तम नटाचं पारितोषिक मिळालं. पुढे तो केसोन सिटीचा महापौर झाला. पौगंडातली ओढ आणि भीती एकाच बाईकडे वळलेली, आणि त्या पोराने एका रात्रीत मोठं व्हायचं, हे या छोट्या भागात जितकं नेमकं आलं आहे तितकं मी क्वचित पाहिलं आहे.

या महोत्सवाबद्दल दोन वाक्यं सांगायला हवीत. नाताळात सुरू होणाऱ्या या दिवसांत तिथल्या चित्रपटगृहांत फक्त देशी चित्रपट लागतात. मुलांच्या हातात नाताळचे पैसे असतात, घरची सगळी एकत्र असतात, आणि तीन पिढ्या मिळून भुताचा चित्रपट बघायला जातात. 'शेक, रॅटल अँड रोल'ची पुढे मालिका झाली, दुसऱ्या भागापासून ती रीगल फिल्म्सने चालवली, आणि तिचे पंधराहून अधिक भाग निघाले. सगळे चांगले नाहीत. पण १९९० च्या दुसऱ्या भागातली, लोरे रेयेसबरोबर गाल्यागाने केलेली 'अस्वांग' ही गोष्ट जरूर बघावी. गावच्या जत्रेला बोलावलेल्या मुलीला हळूहळू कळतं की आपण पाहुणी नाही, पंगतीतलं पान आहोत. त्यातली मनिलिन रेनेस ही या मालिकेचा ओळखीचा चेहरा झाली.

याच दोघा दिग्दर्शकांचा 'तियानाक' (१९८८) हा माझा सर्वांत आवडता. तियानाक म्हणजे बाप्तिस्मा न होता मेलेल्या बाळाचं भूत. ते रानात रडतं, वाटसरू उचलून घेतो, आणि मग त्याचे दात दिसतात. ते माणसाला रानात चकवतंही. तेव्हा अंगातला सदरा उलटा करून घालायचा म्हणजे वाट सापडते. कोकणात चकव्याच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला हे निराळं सांगायला नको. चित्रपटात जनिस दे बेलेनने केलेली, मूल गमावलेली बाई असं एक बाळ आपलंसं करते. बाळ म्हणजे एक बाहुलं, हालचाली ठरावीक. पण दिग्दर्शकांनी सगळा भार दे बेलेनच्या चेहऱ्यावर टाकला आहे. तिला ते मूल हवं आहे. आजूबाजूला माणसं मरत असतानाही हवं आहे. तिची ती माया बघताना बाहुल्याचे दोरे कोण शोधत बसणार? 'आनाक नी जनिस', जनिसचं मूल, हा शब्दप्रयोग तिथे लोकांच्या तोंडी बसला.

चित्रकथांमधूनही राक्षस आले. जिम फर्नांदेसच्या 'झुमा'वर १९८५ मध्ये चित्रपट निघाला, त्यात खांद्यावरून दोन तोंडांचा साप निघालेला हिरवा राक्षसपुरुष आहे. पोरांना तो फार आवडायचा. मला त्यात पोशाखापलीकडे फारसं काही सापडलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी धंदा बसला तेव्हा 'पितो-पितो' नावाची पद्धत निघाली. पितो म्हणजे सात. सात दिवसांत चित्रीकरण, सात दिवसांत बाकीचं काम, निदान बोली तरी अशी. माणसं त्यात भरडली गेली, पण लाव दियाझसारखे दिग्दर्शकही त्याच वाटेने आले. राक्षसांवर खरा जीव असलेला रिको मारिया इलार्दे त्याच सुमाराला थोडक्या पैशात काम करत होता. 'बाबाएंग पुतिक' (२०००) म्हणजे 'मातीची बाई', मग 'सा इलालिम नांग कोगोन' (२००५), म्हणजे 'उंच गवताखाली'. इलार्देचे चित्रपट निवांत चालतात. एक माणूस, एक एकाकी घर, सभोवती गवत, आणि त्यात काहीतरी. २०१२ मध्ये बेर्नालच्या त्या फ्रिजवर पूर्ण लांबीचा चित्रपट काढला तोही त्यानेच.

मला एकच चित्रपट कुणाला दाखवायचा असेल तर मी रिचर्ड सोम्सचा 'यांग्गाव' (२००८) दाखवेन. तो मनिलाच्या तगालोगमध्ये नाही, विसायातल्या हिलिगायनोन भाषेत आहे. ज्या लोकांवर चारशे वर्षं अस्वांगचा शिक्का मारला त्यांच्याच बोलीत सांगितलेली ही अस्वांगची गोष्ट. एका गरीब घरातली मुलगी, आमोर, दुसऱ्या गावाहून आजारी होऊन परत येते. तिला बाधा झाली आहे. यांग्गाव म्हणजे ही बाधा, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी. रात्री ती उठते आणि गावातलं कुणीतरी नाहीसं होतं. बाप तिला बांधून ठेवतो, कण्हणं ऐकतो, आणि अखेर तिची भूक भागवण्यासाठी काय करावं लागेल ते स्वतः करू लागतो. बाप झालेला रॉनी लाझारो फार बोलत नाही. पंख नाहीत, तुटलेलं धड नाही. एक झोपडी, अंगण, अंधुक दिवा, साखळीचा आवाज. लेकीला देवाच्या किंवा गावाच्या हवाली करायचं की पाठीशी घालायचं, हा प्रश्न इतका उघडा ठेवलेला आहे की शेवटाकडे बघवत नाही.

कापिसमध्ये आणि पानाय बेटावर एक आनुवंशिक मेंदूविकार आढळतो. त्यात अंग पिळवटतं, मान वाकडी होते, जीभ बाहेर येते. अस्वांगच्या समजुतीमागे असे रुग्ण असावेत असा तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. तर्क खरा असो वा नसो, 'यांग्गाव' बघताना तो आठवतो, कारण इथे भूत म्हणजे आधी आजारी माणूस आहे. अस्वांग म्हणून बोट दाखवलं जातं ते बहुधा एकट्या बाईकडे, म्हाताऱ्या सुइणीकडे, परक्या मुलीकडे. बहुसंख्य चित्रपटांनी हे तसंच पुढे चालवलं आणि त्यातून पैसे केले. हा दोष मी लपवणार नाही. सोम्सने मुलीच्या बाजूला घर उभं केलं, म्हणून त्याचं काम मला मोठं वाटतं.

संगणक आल्यावर काय झालं तेही पाहू. एरिक मातीचा 'टिकटिक' (२०१२) सबंध हिरव्या पडद्यासमोर चित्रित झाला. नायकाच्या गर्भार प्रेयसीच्या घरावर अस्वांगांची धाड पडते आणि घरची मंडळी हाताला येईल ते घेऊन लढतात: मीठ, समुद्रातल्या पाकट माशाच्या शेपटीचा चाबूक, आणि लसणाच्या चवीचे तळलेले मक्याचे दाणे. आजीच्या काळातला लसूण दुकानातल्या पुडीतून परत येतो, आणि प्रेक्षक आनंदाने ओरडतो. पैसा या चित्रपटात जास्त आहे, तरी सर्वांत जिवंत प्रसंग पुडी फोडण्याचाच आहे.

आणि २०१९ मध्ये आल्यिक्स आइन आरुम्पाक या दिग्दर्शिकेने 'अस्वांग' याच नावाचा माहितीपट काढला. त्यात राक्षस नाही. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत मनिलाच्या रस्त्यांवर रात्री पडलेली प्रेतं आहेत, रडणारी कुटुंबं आहेत, आणि रस्त्यावर राहणारा एक लहान मुलगा आहे. दिग्दर्शिकेला ते रात्रीचं भय सांगायला जुन्या भुताचंच नाव घ्यावं लागलं, आणि तिथल्या प्रत्येकाला ते लगेच कळलं.

जुन्या चित्रपटांच्या प्रती कित्येक वर्षं फार वाईट मिळत. रक्ताच्या बेटाच्या मालिकेची स्वच्छ केलेली आवृत्ती अमेरिकेतल्या सेवेरिन फिल्म्सने २०१८ मध्ये काढली. घरच्या प्रेक्षकांसाठी काढलेल्या चित्रपटांच्या वाट्याला एवढी काळजी क्वचितच आली. मिळतील तसे बघायचे असतील तर रात्री, आवाज मोठा ठेवून बघा. 'तियानाक' आधी, मग १९८४ चा 'मनानांग्गाल', मग 'यांग्गाव'. आणि त्यानंतर कधीतरी 'कुलाय दुगो आंग गाबी' लावा, आणि पडदा तांबूस व्हायला लागला की डोळे मिटू नका.